रक्त तपासलं, दुखणं राहून गेलं

१९५८ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या दोन संशोधकांचा एक छोटा लेख छापून आला. मध्य भारतातल्या लोकांच्या रक्तात सिकलसेल आढळतो, हे त्यात दाखवलं होतं. त्याआधी १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत तो सापडला होता. विदर्भाचा प्रश्न नागपूरच्या तपासणीने पुढे आणला. तेव्हापासून इथल्या रक्ताची तपासणी थांबलेली नाही. शिबिरं झाली, गावंच्या गावं तपासली गेली, कोणत्या जातीत किती टक्के आणि कोणत्या जमातीत किती टक्के याचे तक्ते तयार झाले, वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगणारी कार्डं वाटली गेली. हे काम मोलाचं आहे, यात वाद नाही. पण सिकलसेल हा मुळात वेदनेचा आजार आहे, आणि या माणसांना किती दुखतं, किती दिवस दुखतं, दुखायला लागल्यावर आराम पडायला किती वेळ लागतो, या प्रश्नांना आपल्या सार्वजनिक चर्चेत जागा मिळालेली नाही. ती चर्चा रक्त आणि लग्न या दोन गोष्टींभोवतीच फिरते. असं का झालं, याचं उत्तर मला वैद्यकशास्त्रापेक्षा समाजरचनेत जास्त सापडतं. ज्यांना हा आजार होतो, त्यांचं दुखणं समाजाने आधीपासूनच गृहीत धरलेलं आहे. आणि जे गृहीत धरलं, ते मोजायचं कुणाला सुचत नाही.

आजार काय आहे ते आधी पाहू. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. केसाहून बारीक वाहिन्यांतूनही त्या अंग चोरून निघून जातात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचा एकच घटक बदललेला असला, की प्राणवायू कमी पडताच हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे ताठ तंतू होतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची, कडक बनते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, रक्त पुढे जात नाही, आणि हाडांच्या आतला मगज प्राणवायूवाचून तडफडतो. यालाच वेदनेचा झटका म्हणतात. पाठ, छाती, मांड्या, हातपाय यांत उठणारी ही कळ तासन्‌तास, कधी आठवडाभर टिकते. गावाकडे तिला अनेकदा ‘वात आला’ म्हणून सोडून देतात, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. सूज असेलच असं नाही, जखम नसते, ताप कधी असतो कधी नसतो. आई आणि वडील दोघंही वाहक, म्हणजे ‘एएस पॅटर्न’चे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. रुग्णाला तो जन्मभर असतो.

जन्मभर, याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सिकलसेलची वेदना अधूनमधून येते आणि जाते, असं पुष्कळ दिवस मानलं जात होतं. डॉक्टरांपुढे रुग्ण यायचा तोच झटका आल्यावर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २३२ प्रौढ रुग्णांना सहा महिन्यांपर्यंत रोजची वेदना लिहून ठेवायला सांगण्यात आलं. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा चित्र पालटलं. नोंदवलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के दिवस वेदनेचे होते. २९ टक्के रुग्णांना जवळजवळ रोजच दुखत होतं. आणि दवाखाना गाठावा लागला असे दिवस होते जेमतेम साडेतीन टक्के. म्हणजे दवाखान्याच्या कागदावर उमटतो तो या दुखण्याचा अगदी छोटा भाग. बाकीचं सगळं घरात, शेतात, शाळेच्या बाकावर सोसलं जातं. शिवाय वारंवारच्या झटक्यांनी मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो गोळा खचतो, आणि विशी-तिशीतला माणूस लंगडू लागतो. मज्जासंस्थाही सततच्या वेदनेने बदलते, आणि झटका नसतानाही दुखणं मागे उरतं. तेव्हा ही जुनाट वेदना आहे, पाहुण्यासारखी येऊन जाणारी नाही.

आता हा झटका कशाने येतो ते पाहिलं, की समाज या गोष्टीत कुठून शिरतो ते कळतं. अंगातलं पाणी कमी होणं, कडक ऊन, एकदम गारठा, अति श्रम, जंतुसंसर्ग ही वेदनेला चेतवणारी ठळक कारणं. म्हणून डॉक्टर सल्ला देतात: भरपूर पाणी प्या, उन्हात जाऊ नका, ओलं राहू नका, दमेपर्यंत काम करू नका, ताप अंगावर काढू नका. सल्ला अचूक आहे. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या रोवणीच्या दिवसापुढे तो ठेवून पाहा. बाया सकाळी बांधीत उतरतात ते संध्याकाळपर्यंत कमरेत वाकलेल्या असतात. पाय चिखलपाण्यात, पाठीवर पाऊस, डोक्यावर फार तर प्लास्टिकचा कागद. काम ठेक्याने घेतलेलं असलं तर एकीने बांधावर बसायचं म्हणजे साऱ्या गटाची मजुरी खोळंबायची. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. तेव्हा पहाटेच्या अंधारात जंगल गाठायचं, खुरट्या झुडपांवरची पानं वाकून तोडायची, ओझं डोक्यावर घेऊन परतायचं आणि मग पुडके बांधत बसायचं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि शहरातल्या विटांच्या, वाळूच्या, सेंट्रिंगच्या कामावर सावली नसते. बाईमाणसाला आडोसा नसतो, म्हणून कामाच्या जागी ती पाणीच कमी पिते. वैद्यकशास्त्राने टाळायला सांगितलेली एकूण एक गोष्ट या माणसांच्या पोटापाण्याचा भाग आहे. त्यांनी सल्ला मानला नाही असं आपण म्हणतो. सल्ला मानण्याची ऐपत त्यांच्याकडे नव्हती, हे म्हणायचं राहून जातं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आजार जनुकाचा आहे. जनुक जात पाहत नाही, पगार पाहत नाही. मग यात समाजाचा काय संबंध? जनुकापुरतं हे खरंच आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं, की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं, आणि जातीतल्या जातीत लग्नं होत राहिल्याने काही समूहांत ते साठत गेलं. विदर्भात ते गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आढळतं, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आढळतं, आणि तेली, कुणबी अशा इतर समाजांतही आढळतं. पण जनुक ठरवतं ते मुख्यतः कुणाला आजार होणार एवढं. आजार झाल्यावर पुढे काय होतं ते केवळ जनुकावर अवलंबून राहत नाही, याचे पुरावे गेल्या चाळीस वर्षांत भक्कम झाले आहेत. जन्मतः निदान करून बाळाला रोज पेनिसिलिन दिलं, तर न्यूमोकोकसचा जीवघेणा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झालं. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी घेणाऱ्या प्रौढांना वर्षाला साधारण अडीच झटके आले आणि न घेणाऱ्यांना साडेचार, हे १९९५ मध्ये दिसलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये, डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोळी किलोमागे १० मिलिग्रॅम अशा कमी मात्रेत मुलांना देऊन पाहिली. झटके कमी झाले, रक्त चढवण्याची आणि भरती होण्याची पाळीही कमी आली; २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एकाच जनुकाच्या दोन मुलांपैकी एकाला ही गोळी रोज मिळते, ठरावीक मुदतीने त्याच्या रक्ताची तपासणी होते. दुसऱ्याच्या तालुक्यात गोळी संपलेली असते, आणि तपासणीसाठी नागपूरला यायचं म्हणजे आईची मजुरी बुडते. या दोघांच्या दुखण्यातला फरक जनुकाने पाडलेला नाही.

दुसरा आक्षेप वैद्यकीय वर्तुळातला आहे. भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य, असं म्हटलं जायचं. त्यामागे शास्त्रीय कारण होतं. इथल्या रुग्णांत जनुकाचा अरब-भारतीय प्रकार आढळतो, त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहतं, आणि ते पेशींना विळ्याचा आकार सहज घेऊ देत नाही. ओडिशातल्या अभ्यासांतून हा समज रूढ झाला. पण नागपूरच्या मुलांच्या नोंदी पाहिल्यावर डॉ. जैन आणि मुंबईच्या संशोधकांना दिसलं, की विदर्भातल्या अनेक रुग्णांचा आजार चांगलाच तीव्र आहे. वारंवारचे झटके, गंभीर रक्तक्षय, संसर्ग हे सगळं इथे आहे. सरासरीने सौम्य असलेला आजार एका घरात अतिशय क्रूर असू शकतो. तरीही ‘आपल्याकडे सौम्य असतो’ हे वाक्य हवेत राहिलं, कारण ते सोयीचं होतं. ज्यांच्या वतीने बोलणारं कुणी नाही, त्यांच्या दुखण्याबद्दलचा सोयीचा समज पुसला जायला फार वेळ लागतो.

जुनाट वेदनेला विश्वास लागतो. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, तुंबलेली रक्तवाहिनी काही चाचण्यांत दिसते, पण सिकलसेलचा झटका दाखवून देणारी एकही खात्रीची तपासणी नाही. रुग्ण सांगतो तोच पुरावा. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस आपलं दुखणं सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, हे स्पष्टपणे नोंदवलं. पण सगळ्यांच्या सांगण्याला सारखा मान मिळत नाही. वर्षानुवर्षं दुखण्यात जगलेला माणूस ओरडत नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडतो, मोबाइलवर काहीतरी पाहत मन दुसरीकडे वळवतो, शेजारच्या रुग्णाशी दोन शब्द बोलतो. हे त्याने सोसण्यासाठी कमावलेलं कौशल्य असतं. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरला मात्र त्यातून एकच अर्थ लागतो: याला काही विशेष होत नाहीये. आणि ओरडणाऱ्याला म्हणतात, नाटक करतो. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या बाईला एक ते दहामध्ये किती दुखतं असं मराठीत विचारलं, की ती गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्याचीही नोंद ‘आराम आहे’ अशी होऊ शकते.

यावर अमेरिकेत बारकाईने अभ्यास झाले आहेत, कारण तिथे हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांचा. २०१३ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की अपघात विभागात आलेल्या सिकलसेलच्या रुग्णाला इतर रुग्णांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त वेळ थांबावं लागतं. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना प्रश्न विचारले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीचा एखादा तरी खोटा समज, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते हा, खरा मानला. आणि असे समज बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली. आणखी एका संशोधनात, दवाखान्यात आपल्याला हिणवलं जातं असा अनुभव असलेल्या सिकलसेल रुग्णांवर वेदनेचं ओझंही अधिक असल्याचं आढळलं. ब्रिटनमध्ये २०१९ साली इव्हान स्मिथ हा २१ वर्षांचा सिकलसेलग्रस्त तरुण लंडनच्या एका रुग्णालयात दगावला; प्राणवायू मिळावा म्हणून त्याने रुग्णालयाच्या खाटेवरूनच आणीबाणीचा फोन लावला होता. त्यानंतर तिथल्या खासदारांच्या गटाने चौकशी केली आणि २०२१ मध्ये अहवाल दिला. रुग्ण सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं, हाच त्याचा सारांश. तिथला वंश आणि इथली जात एक नव्हे, हे मान्य. पण ज्या समूहाला समाजाने श्रमाला जुंपलं, त्या समूहाचं शरीर कणखर असतं, त्याला सोसण्याची सवय असते, हा समज दोन्हीकडे सारखाच आहे. विदर्भात आडनाव सांगितलं की बऱ्याचदा जात कळते, आणि केसपेपरवर पहिल्यांदा आडनावच लिहिलं जातं.

किथ वेलू या इतिहासकाराने अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या उदाहरणातून दाखवलं आहे, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सिकलसेल जवळजवळ दिसलाच नाही. रुग्ण होते, पण गरीब कृष्णवर्णीय माणसाला ताप यायचा, अंग दुखायचं, त्याची मुलं लवकर मरायची, हे इतकं नेहमीचं होतं की त्यामागे वेगळा आजार असेल असं फारसं कुणाला वाटलं नाही. हा मुद्दा विदर्भाला जसाच्या तसा लागू पडतो. इथल्या कष्टकऱ्याचं अंग दुखणं ही बातमी नसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने लोकांना तुमचा त्रास काय असं विचारायला सुरुवात केली, तेव्हा पाठदुखी आणि सांधेदुखी हे गावातलं मोठं दुखणं म्हणून समोर आलं, आणि संस्थेला पाठीच्या मणक्याच्या उपचारांची सोय करावी लागली. आदिवासी माणसाच्या पाठदुखीकडे तोवर कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. जिथे सगळ्यांचंच अंग दुखतं असं मानलं जातं, तिथे सिकलसेलच्या पोराचं दुखणं त्या गर्दीत हरवून जातं. ‘कामचोर’ हा शिक्का त्याच्यावर आधी बसतो, निदान नंतर होतं. शाळेत गैरहजेरी वाढते, मास्तर नाव काढून टाकण्याचा इशारा देतात, मग पोरगं घरी बसतं. शिक्षण सुटलं की अंगमेहनतीवाचून दुसरं काम उरत नाही, आणि अंगमेहनत केली की झटका येतो. वेदना माणसाला गरिबीत ढकलते आणि गरिबी पुन्हा वेदना देते; परिघावर ढकललेल्या माणसाच्या दुखण्याचं हेच खरं रूप आहे.

सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर यावर म्हणतील, आणि रास्तपणे म्हणतील, की हा भेदभाव नाही, ही गर्दी आहे. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत अर्ध्या विदर्भातून, शिवाय मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून रुग्ण येतात. निवासी डॉक्टर सलग कित्येक तास उभे असतात. अपघातात डोकं फुटलेला माणूस आधी पाहायचा की पाय दुखणारा? हे म्हणणं डावलता येणार नाही. पण गर्दीचं उत्तर देताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक तर गर्दी आकाशातून पडलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याच्या रुग्णाला त्याच्या तालुक्याच्या रुग्णालयात वेळेवर सलाईन आणि वेदनाशामक मिळालं असतं, तर तो नागपूरच्या रांगेत आला नसता. पैसेवाल्याचं दुखणं खाजगी खोलीत शिरतं आणि गरिबाचं रांगेत, ही विभागणीसुद्धा सामाजिकच आहे. दुसरं म्हणजे गर्दीतही क्रम लावता येतो. ब्रिटनच्या २०१२ मधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, सिकलसेलचा झटका घेऊन आलेल्या रुग्णाला अर्ध्या तासात वेदनाशामक मिळालं पाहिजे. अमेरिकेतल्या रक्ततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये ही मुदत एक तास ठेवली आहे. त्याला नवं यंत्र लागत नाही, महागडं औषध लागत नाही. हा रुग्ण थांबणाऱ्यांतला नाही, एवढं दाराशीच ठरवावं लागतं. आणि दुखण्याने कुणी मरत नाही हा समजही चुकीचा आहे: १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, ज्या प्रौढांना जास्त झटके येत होते ते लवकर दगावत होते. वारंवारची वेदना ही धोक्याची घंटा असते.

आणखी एक भीती आहे, ती औषधाच्या सवयीची. तीव्र झटक्याला पॅरासिटामॉल पुरत नाही. मॉर्फिनसारखं औषध लागतं. अफूवर्गीय औषधांच्या अतिवापराने अमेरिकेत जे झालं ते साऱ्या जगाने पाहिलं आहे, तेव्हा ही भीती पोकळ नाही. पण भारताचा अनुभव नेमका उलटा आहे. ज्या देशात परवान्याने अफू पिकते, त्याच देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने मॉर्फिन दवाखान्यांतून दिसेनासं झालं. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून नियम सुटसुटीत केले, पण हात आखडता घेण्याची सवय गेली नाही. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही याच कायद्याखाली आलं. दवाखान्यात, डॉक्टरच्या नजरेखाली, मोजून दिलेलं औषध आणि बाजारात मोकाट विकली जाणारी गोळी यांत फरक आहे. उलट वेदना न शमवता रुग्णाला परत पाठवलं, तर तो औषधाच्या दुकानातून मिळेल ती गोळी वर्षानुवर्षं खातो आणि आधीच नाजूक असलेली मूत्रपिंडं खराब करून घेतो. सवय लागेल ही शंका कुणावर घेतली जाते, हेही पाहायला हवं. शस्त्रक्रिया झालेल्या सुस्थितीतल्या रुग्णाला मॉर्फिन देताना ती मनात येत नाही; महिन्यातून दोनदा येणाऱ्या, मळक्या कपड्यांतल्या पोराने औषधाचं नाव घेतलं की येते. जुनाट आजाराच्या रुग्णाला आपल्या औषधाचं नाव ठाऊक असणारच.

मग चर्चेतली दुखण्याची जागा लग्नाने का घेतली? कारण लग्न जुळवण्याचा सल्ला स्वस्त असतो. दोन वाहकांनी लग्न करू नये, ही सूचना भिंतीवर रंगवता येते. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात वेदनाशामक हजर ठेवायला माणसं लागतात. पुढची पिढी आजारमुक्त व्हावी या इच्छेत वाईट काहीच नाही, आणि जोडप्यांना माहिती मिळणं हा त्यांचा हक्कच आहे. पण आपल्या समाजात या सल्ल्याचा भार पडतो तो मुलींवर. मुलगा वाहक निघाला तर स्थळ बदलतं, मुलगी वाहक निघाली तर ती ‘दोषी’ ठरते. निरोगी वाहक आणि रुग्ण यांतला भेद पुसला जातो. म्हणून घरं कार्ड लपवतात. रुग्ण मुलगी सासरी आजार लपवते, गोळ्या लपवून खाते किंवा बंद करते, झटका आला तर पाळीचं दुखणं म्हणून वेळ मारून नेते. बाळंतपणात, जेव्हा धोका सर्वांत मोठा, तेव्हाही कधीकधी डॉक्टरला कळत नाही. दुखणं बोलून दाखवण्याची चोरी असणं ही वेदनेत पडलेली भरच आहे, आणि ती भर जनुकाची नाही.

या सगळ्याला शेवटचा आक्षेप आमच्या चळवळीच्या मित्रांकडून येऊ शकतो. आजाराची जातीशी सांगड घातली की कलंक वाढतो. आधीच हिणवलेल्या समाजाच्या रक्तातच खोट आहे, असं म्हणायला विरोधकांना निमित्त मिळतं. १९५६ च्या ऑक्टोबरात याच नागपुरात लाखो माणसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर जुनी ओळख टाकून बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर दोन वर्षांत त्याच शहरातलं संशोधन त्यांच्या रक्तातला आजार नोंदवत होतं. या दोन घटना शेजारी ठेवल्या की आक्षेपातली कळकळ समजते. पण जातीचं नाव रक्ताला जोडणं आणि परिस्थितीला जोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं शास्त्रीयदृष्ट्या फसवं आहे, कारण हे जनुक भूमध्यसागरापासून अरबस्तानापर्यंत अनेक समाजांत आहे. दुसरं बोलल्यावाचून गत्यंतर नाही, कारण कुणाचं घर दवाखान्यापासून किती लांब, कुणाला उन्हात काम करावं लागतं आणि कुणाच्या कण्हण्यावर विश्वास बसतो, हे जातीने आणि गरिबीनेच ठरवलेलं आहे. ते न बोलल्याने कलंक जात नाही. दुखणं तेवढं अदृश्य होतं.

याची जाणीव सगळ्यांत आधी रुग्णांच्या घरांना झाली. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून हा प्रश्न वर्षानुवर्षं सरकारदरबारी लावून धरला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा रेट्यातूनच काही सवलती आल्या: साध्या एसटीने मोफत प्रवास, दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, निराधार योजनेतलं अनुदान. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला आणि २१ प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेलचा समावेश झाला. हे मोठं पाऊल होतं. पण त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतलं चार टक्के आरक्षण ज्या गटांना दिलं आहे, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. अंधत्व, बहिरेपण, हातापायाचं अपंगत्व दिसतं, मोजता येतं. आज ठीक आणि उद्या अंथरुणाला खिळवणारी वेदना कायद्याच्या मापात बसत नाही. ज्या माणसाला अंगमेहनतीचं काम डॉक्टरांनी मना केलं आहे, त्याला बसून करायच्या नोकरीत राखीव जागा नाही, ही विसंगती दूर झालीच पाहिजे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये चंद्रपूरला रक्तदोषांवरच्या संशोधनाचं आणि उपचाराचं राष्ट्रीय केंद्र लोकार्पण झालं, नागपूरला एम्स आलं. साधनं वाढली आहेत, इच्छाही दिसते. पण मिशनचं यश आपण कशाने मोजणार? किती जणांचं रक्त तपासलं आणि किती कार्डं वाटली, एवढ्यानेच मोजलं, तर आज जिवंत असलेला रुग्ण त्या हिशेबात बसणार नाही. तो २०४७ साल उजाडेपर्यंत दुखणंच सोसत राहील. म्हणून विदर्भातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात सिकलसेलच्या रुग्णासाठी दोन वेळा लिहिल्या जाव्यात: तो दारात आला ती, आणि वेदनाशामकाची पहिली मात्रा मिळाली ती. या दोहोंतलं अंतर तालुकावार जाहीर व्हावं. हायड्रॉक्सियुरियाचा साठा किती दिवस शून्य होता, तेही जाहीर व्हावं. रोजगार हमीच्या कामावर या रुग्णांना सावलीतलं, हलकं काम मिळण्याचा नियम व्हावा. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात रक्ताच्या पॅटर्नइतकाच वेळ वेदनेला मिळावा, आणि हे प्रशिक्षण गोंडी-माडिया जाणणाऱ्यांकडून मिळावं. यातलं काहीही परग्रहावरचं नाही. सिकलसेलवर भारतात झालेल्या मोलाच्या संशोधनातलं बरंचसं नागपूरने केलं आहे. आता याच शहराने पुढाकार घेऊन दुखणं मोजायला सुरुवात करावी, कारण सरकारी व्यवस्थेत जे मोजलं जातं त्याचीच कुणाला तरी जबाबदारी घ्यावी लागते.